पापणीएवढा ‘र’

पुण्याच्या पश्चिमेस वसलेल्या कोथरूडमध्ये कर्वे रस्त्याने चालत जाणाऱ्या वाटसरूने दोन्ही बाजूंच्या पाट्या केवळ ‘र’ या एकाच अक्षरावर नजर ठेवून वाचल्या, तर त्यास मोठी मौज वाटेल. ‘कोथरूड’ या नावातच ‘र’ला ऊकार लागला आहे, पण इतर अक्षरांप्रमाणे तो पायाशी न लागता कमरेशी लागला आहे. ‘कर्वे’ या नावात ‘र’ आपली जागा सोडून ‘वे’च्या डोक्यावर जाऊन बसला आहे. ‘प्रवेश’ या शब्दात तो ‘प’च्या दांडीला तिरका चिकटला आहे, तर ‘मेट्रो’ या शब्दात ‘ट’च्या खाली दोन पाय पसरून उभा आहे. आणि एखाद्या कार्यालयाच्या दारावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी दिसली, तर तेथे ‘र’चे आणखी एक रूप भेटते. ‘या’च्या आधी, शिरोरेषेच्या खाली, पापणीच्या केसासारखी एक वाकडी रेघ काढलेली असते. तीच या पाठाची नायिका होय.

देवनागरीतील बाकीची अक्षरे अर्धी झाली, की आपली दांडी किंवा आपला काही भाग गमावतात. ‘र’ मात्र अर्धा झाला, की वेषच पालटतो. त्यातही मराठीची गंमत अशी, की तिच्यात अर्ध्या ‘र’चे वेष दोन आहेत. एक डोक्यावरचा रफार आणि दुसरी ही पापणीसारखी रेघ. दोन्हींचा अर्थ ‘पाय मोडलेला र’ एवढाच असेल, तर दोन खुणा कशाला, असा प्रश्न परभाषी माणसास पडतो. त्याचे उत्तर मराठी कानापाशी आहे.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. कोकणातील कोळी दर्या जाणतो, मावळातील गुराखी दऱ्या जाणतो. दोन्ही शब्दांत द, र, य आणि आ हेच ध्वनी त्याच क्रमाने आलेले आहेत. तरीही त्यांचा उच्चार एक नाही. ‘दर्या’ म्हणताना ‘र्’ मागच्या ‘द’ला जाऊन मिळतो आणि त्यावर आघात येतो, शब्दाचे तुकडे ‘दर्‌’ आणि ‘या’ असे पडतात. ‘दऱ्या’ म्हणताना ‘द’ मोकळा राहतो आणि ‘र’ पुढच्या ‘या’त हलकेच विरघळतो. छंदाच्या हिशेबातही हा भेद मोजला जातो. पहिल्या शब्दातील ‘द’ जोडाक्षराच्या आघातामुळे गुरू ठरतो, दुसऱ्या शब्दातील ‘द’ लघूच राहतो. कवितेची एक मात्रा या रेघेवर अवलंबून असते, असे म्हटले तरी चालेल.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ‘आचार्यांना बोलावणे पाठवा’ असा निरोप दिला, तर विद्वान गुरुजी येतील; ‘आचाऱ्यांना बोलावणे पाठवा’ असा निरोप दिला, तर स्वयंपाक करणारे येतील. लग्नघरात दोघांचीही गरज असते, पण एकाच्या जागी दुसरा येऊन चालत नाही.

साधारणपणे सूर्य, कार्य, आचार्य, पर्याय अशा संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत रफार येतो. उलट, दरी, पायरी, शेतकरी, वारा, दुसरा, करणारा अशा शब्दांचे मराठीच्या नियमाने अनेकवचन किंवा सामान्यरूप केले, की दऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांनी, वाऱ्यावर, दुसऱ्या, करणाऱ्या अशी रूपे होतात आणि पापणीची रेघ उमटते. ‘ह’च्या आधीही ती येते. वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा हे शब्द तिच्याशिवाय लिहिता येत नाहीत. जेजुरीजवळून वाहणाऱ्या कऱ्हा नदीचे नावही तिच्यावाचून अडते. संस्कृतातील ‘ह्रास’ आणि ‘ह्रस्व’ यांना मराठीने ‘ऱ्हास’ आणि ‘ऱ्हस्व’ असे उलटे करून घेतले. तेथे तर ही रेघ शब्दाच्या आरंभीच उभी राहते. याचा अर्थ असा, की ही खूण दुर्मिळ नाही. मराठी वृत्तपत्राच्या कोणत्याही पानावर ती अनेक वेळा सापडते. हिंदीच्या नित्य लेखनात तिचे काम पडत नाही. नेपाळी आणि नेवारी या भाषांत मात्र ती आहे.

हाताने लिहिणाऱ्यास या रेघेचा काहीच त्रास नव्हता. बोरूला एक वळण अधिक दिले, की काम झाले. छापखान्यात शिशाचे खिळे आले, तेव्हाही प्रश्न कठीण नव्हता. ज्या आकाराची गरज असेल त्याचा खिळा ओतावा, तो आपल्या खणात ठेवावा आणि जुळाऱ्याने वेळेवर उचलावा. खिळ्याला आपण कोणते अक्षर आहोत याची जाणीव लागत नाही. तो केवळ आकार असतो. खरी अडचण आली ती संगणकाबरोबर.

संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला केवळ संख्या कळते. म्हणून प्रत्येक अक्षराला एक संख्या नेमून द्यावी लागते आणि ती नेमणूक जगातील सर्व यंत्रांनी सारखीच पाळावी लागते. अशा नेमणुकीच्या कोष्टकाला संकेतसंहिता म्हणता येईल. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ नावाची संहिता तयार झाली. तिच्यात एकूण १२८ जागा होत्या. इंग्रजीची लहानमोठी अक्षरे, अंक व विरामचिन्हे बसवल्यावर जगातील इतर लिपींसाठी तिच्यात जागा उरली नाही.

भारतीय लिपींसाठी काय करावे, याचा विचार कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत सुरू झाला. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ‘सी-डॅक’, स्थापन झाले आणि ते काम तेथे पुढे चालले. संगणकात एक कार्ड बसवावे आणि त्यावर भारतीय लिप्या उमटाव्यात, अशी सोय तेथून देशभर गेली. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ या संहितेला मानक म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी जगातील सर्व लिपींना एका कोष्टकात आणणाऱ्या ‘युनिकोड’ या संहितेची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. युनिकोडमध्ये आज दीड लाखाहून अधिक चिन्हे आहेत. देवनागरीच्या मुख्य विभागाला २३०४ पासून २४३१ पर्यंतच्या १२८ जागा मिळाल्या आहेत. ‘य’ची संख्या २३५१, ‘र’ची २३५२, ‘ल’ची २३५४. यंत्राच्या पोटात यांतील प्रत्येक संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहिली जाते. तेथे ‘र’ म्हणजे १००१००११०००० होय.

लक्षपूर्वक वाचणाऱ्यास येथे एक गोष्ट खटकली असेल. ‘र’ २३५२ वर आणि ‘ल’ २३५४ वर, मग मधल्या २३५३ वर कोण आहे? तेथे ‘ऱ’ आहे, म्हणजे खाली टिंब असलेला ‘र’. मराठी वर्णमालेत असे अक्षर नाही. तमिळ आणि मलयाळम या भाषांत ‘र’चे दोन प्रकार आहेत. साधा ‘र’ आणि त्याहून कठोर असा दुसरा. इस्की ही सर्व भारतीय लिपींसाठी एकच सामायिक संहिता असल्यामुळे तिच्यात त्या दाक्षिणात्य अक्षराला जागा ठेवणे भाग होते, आणि देवनागरीत ते लिहायचे झाल्यास ‘र’खाली टिंब द्यावे असे ठरले. या परक्या पाहुण्याचा आणि मराठीच्या रेघेचा संबंध लवकरच येणार आहे.

संहिता रचणाऱ्यांनी एक शहाणपणाचा नियम पाळला होता. आकारांना संख्या द्यायच्या नाहीत, अक्षरांना द्यायच्या. देवनागरीतील जोडाक्षरे शेकड्यांनी आहेत. प्रत्येकाला जागा द्यावी तर कोष्टक फुगून जाईल. म्हणून जोडाक्षराला स्वतंत्र संख्या नाही. पहिले अक्षर लिहावे, त्याचा पाय मोडणारे हलन्त चिन्ह लिहावे (त्याची संख्या २३८१), आणि पुढचे अक्षर लिहावे. त्यांचा सुंदर जोड करून दाखवणे हे अक्षरसंचाचे, म्हणजे ‘फाँट’चे काम. ‘क’, हलन्त आणि ‘य’ एकापुढे एक आले, की पडद्यावर ‘क्य’ उमटतो. नियम सुटसुटीत होता आणि बहुतेक सर्व जोडाक्षरे त्यात निमूटपणे बसली.

अडली ती पापणीची रेघ. ‘र’, हलन्त आणि ‘य’ एकत्र आले, की संस्कृत व हिंदीच्या रीतीप्रमाणे रफार उमटतो आणि ‘र्य’ होतो. ते योग्यच आहे. पण मग ‘ऱ्य’ कसा लिहायचा? त्याचीही अक्षरे तीच, त्यांचा क्रमही तोच. अक्षरांना संख्या द्यावी, आकारांना नको, हा नियम येथे तोकडा पडला. कारण हा भेद दिसायला आकाराचा असला तरी वास्तविक तो उच्चाराचा आणि अर्थाचा आहे.

इस्कीच्या कर्त्यांनी यावर एक युक्ती काढली. दाक्षिणात्य ‘ऱ’ हे अक्षर देवनागरीत क्वचितच येणार, आणि त्याचा पाय मोडण्याची वेळ तर त्याहून क्वचित. तेव्हा ‘ऱ’चा पाय मोडला, की पापणीची रेघ उमटावी, असे त्यांनी ठरवले. म्हणजे २३५३, २३८१ आणि २३५१ या संख्या ओळीने आल्या, की ‘ऱ्य’ होतो. मराठीची ही घरची खूण अशा रीतीने पाहुण्याच्या खोलीत राहावयास गेली. युक्ती चतुर आहे, यात शंका नाही. मात्र ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाच्या पोटात तमिळ भाषेसाठी राखलेले अक्षर दडले आहे, हे शेतकऱ्याला सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही.

युनिकोडने आरंभी निराळी वाट धरली. १९९६ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत ‘र’ व हलन्त यांच्यानंतर एक अदृश्य चिन्ह लिहावे, अशी रीत होती. या चिन्हाला शून्य रुंदीचा जोडक म्हणतात आणि त्याची संख्या ८२०५ आहे. ते कागदावर उमटत नाही, जागा व्यापत नाही. केवळ ‘येथे रफार नको, अर्धे रूप दाखव’ एवढी सूचना फाँटला देते. पुढे युनिकोडने भारतीय मानकाशी जुळणारी ‘ऱ’ची रीत स्वीकारली, परंतु तोवर जुन्या रीतीने मजकूर लिहिला गेलेला असल्यामुळे तीही चालू ठेवली. त्या ग्रंथात या रूपाला इंग्रजीत जे नाव दिले आहे, त्याचाही अर्थ ‘पापणीचा र’ असाच होतो.

अशा प्रकारे एका रेघेला दोन पत्ते मिळाले. कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात; भिंग घेऊन पाहिले तरी फरक आढळणार नाही. पण यंत्र डोळ्यांनी पाहत नाही. समजा, कोथरूडमध्ये राहणाऱ्या वऱ्हाडे आडनावाच्या एका मुलीचे नाव शाळेच्या यादीत एका लेखनिकाने पहिल्या रीतीने टंकले, आणि परीक्षेच्या यादीत दुसऱ्या लेखनिकाने दुसऱ्या रीतीने. दोघांनीही शुद्धच लिहिले. दोघांचीही चूक नाही. तरी केवळ संख्या ताडून पाहणारे यंत्र दोन्ही याद्यांची तुलना करील, तेव्हा ‘या नावाची मुलगी दुसऱ्या यादीत नाही’ असेच सांगेल. मुलगी समोर उभी आहे, नाव दोन्हीकडे छापलेले आहे, आणि यंत्र ते सापडत नाही म्हणते! अशा वेळी बिचाऱ्या लेखनिकाने काय समजावे?

येथे कोणी म्हणेल, की दोन लेखने सारखी मानावी असा नियम संहितेत करून टाकावा, म्हणजे तंटा मिटला. तसे नियम संहितेत आहेतही. ‘ऱ’ ही २३५३ ही संख्या लिहिली काय, किंवा साधा ‘र’ लिहून त्याखाली नुक्त्याचे टिंब (२३६४) लिहिले काय, दोन्ही एकच मानावे, असे संहिता स्पष्ट सांगते. परंतु अदृश्य जोडकाच्या रीतीला ही सवलत नाही. ती ‘ऱ’च्या रीतीशी समान मानलेली नाही. तेव्हा दोन्ही रूपे ओळखण्याची जबाबदारी शोधयंत्र लिहिणाऱ्यावर येते. आणि त्याला मराठी येत नसेल, तर ही गोष्ट त्याच्या ध्यानात येण्याचे कारण नाही.

अदृश्य जोडकाचा आणखी एक धोका आहे. जे दिसत नाही ते निरुपयोगी आहे, असे समजून मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या कित्येक आज्ञावल्या अदृश्य चिन्हे झाडून टाकतात. जोडक गेला, की मागे ‘र’, हलन्त आणि ‘य’ उरतात आणि रेघेच्या जागी रफार उभा राहतो. डोंगरातील दऱ्यांचा दर्या होतो. भोजनाची व्यवस्था पाहणारे आचारी एका क्षणात आचार्यपदाला पोहोचतात. उलट, ‘ऱ’ची रीत या धोक्यापासून मुक्त आहे, कारण तिच्यात लपलेले असे काही नाही. तिची अडचण निराळी. केवळ संख्यांच्या क्रमाने शब्दांची अनुक्रमणी लावली, तर २३५३ ही संख्या २३५२ नंतरची असल्यामुळे ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर’पासून सुरू होणारे सगळे शब्द संपल्यावर येतो, आणि त्याची एकवचनी बहीण ‘दरी’ त्याच्यापासून दूर राहते. कोशकाराला हे रुचणारे नाही. यासाठी अनुक्रमणीचे वेगळे नियम यंत्राला शिकवावे लागतात.

मग दोहोंपैकी एक रीत रद्दच का करू नये? त्याचे उत्तर कोरियन लिपीच्या इतिहासात आहे. युनिकोडच्या त्याच १९९६ च्या आवृत्तीत कोरियन अक्षरे आपल्या मूळ जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेण्यात आली. जुन्या संख्यांनी लिहिलेला मजकूर त्यामुळे निरर्थक ठरला. त्यातून धडा घेऊन, एकदा दिलेली जागा पुन्हा बदलायची नाही आणि एकदा घेतलेले चिन्ह काढायचे नाही, असा दंडक करण्यात आला. घराचा क्रमांक वाईट असला तरी चालेल, पण तो रोज बदलला तर टपालवाल्याने पत्र कोणाला द्यावे? पापणीच्या रेघेचे दोन पत्ते अशा रीतीने कायमचे झाले.

एवढ्याशा रेघेसाठी माणसे खपली, असे हे एकटे मराठीचेच उदाहरण नाही. इजिप्त देशात प्राचीन इजिप्शियन भाषेची शेवटची अवस्था म्हणून ओळखली जाणारी कॉप्टिक भाषा आहे. तेथील ख्रिस्ती मठांतील लेखकांनी ती ग्रीक अक्षरांत लिहिली आणि जे ध्वनी ग्रीकमध्ये नव्हते त्यांसाठी आपल्या जुन्या लिपीतून काही अक्षरे घेतली. आज ती बोलण्यात नाही, प्रार्थनेत आहे. तिच्या हस्तलिखितांत अक्षरांच्या डोक्यावर एक आडवी रेघ असते. कधी ती एकाच अक्षरावर असते, कधी दोन किंवा तीन अक्षरांवर सलग पसरते, आणि उच्चार कसा करावा ते सांगते. युनिकोडने आरंभी कॉप्टिकला स्वतंत्र लिपी मानलेच नव्हते. ग्रीक अक्षरांवरच तिची बोळवण केली होती. अभ्यासकांच्या आग्रहामुळे २००५ साली तिला स्वतःचा विभाग मिळाला. तरी आडव्या रेघेचा प्रश्न राहिलाच. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाणारी रेघ नेमकी कोणत्या अक्षराची म्हणायची? २००८ साली त्यासाठी तिचे तीन तुकडे करण्यात आले. आरंभीच्या अक्षरासाठी डावा अर्धा, शेवटच्या अक्षरासाठी उजवा अर्धा आणि मधल्या अक्षरासाठी दोहोंना जोडणारा. नाईल नदीच्या काठी कोणा जोग्याने बोरूच्या एका ओढीत काढलेली रेघ यंत्रासाठी तीन ठिकाणी कापून पुन्हा सांधावी लागली.

योगायोग असा, की २००८ च्या त्याच आवृत्तीत मराठीचेही एक काम झाले. इंग्रजी शब्दांतील ‘ॲ’ हा उच्चार मराठी माणूस ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहितो; ‘ए’वर अर्धचंद्र दिलेला ‘ऍ’ त्याला खटकतो. संहितेत २३१७ या जागेवर हा ‘ए’चा प्रकार प्रथमपासून होता, ‘अ’चा नव्हता. त्यामुळे कित्येक जण ‘अ’ लिहून त्यावर सुटा अर्धचंद्र चढवीत, आणि यंत्र त्या दोन चिन्हांना एक स्वर मानण्यास तयार होत नसे. २००८ साली ‘ॲ’ला २४१८ ही स्वतंत्र जागा मिळाली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००९ साली, महाराष्ट्र शासनाने प्रमाण मराठी वर्णमालेसंबंधी जो निर्णय प्रसिद्ध केला, त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या स्वरांना स्थान दिले. पापणीच्या रेघेच्या वाट्याला असे स्वतंत्र घर आले नाही. तिला मिळाली ती वर सांगितलेली सोय.

प्रत्येक भेदाला संख्या मिळालीच पाहिजे, असे मात्र नाही. मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’, मराठी ‘श’ आणि हिंदी ‘श’ यांची वळणे निराळी असतात. पण त्यामुळे अर्थ बदलत नाही. त्यांची संख्या एकच असून कोणते वळण दाखवायचे ते फाँटने ठरवायचे असते. ‘र’च्या दोन खुणांत तसे करता येत नाही, कारण तेथे वळण बदलले, की शब्दच बदलतो.

कोथरूडमध्ये, पुण्याच्या इतर भागांप्रमाणेच, पत्रिका, अर्ज आणि अहवाल टंकून देणारी अनेक छोटी दुकाने आहेत. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अशा दुकानांतून श्रीलिपीसारख्या, पुण्यातच तयार झालेल्या, लिपीप्रणालींवर काम चाले. त्यांत छापखान्याच्या खिळ्यांप्रमाणे प्रत्येक आकाराला स्वतःचा क्रमांक होता, तेव्हा पापणीच्या रेघेसाठी मुद्दाम खटपट करावी लागत नव्हती. पण तो फाँट ज्याच्याकडे नाही, त्याला मजकुराऐवजी चिन्हांचा गोंधळच दिसे. आता बहुधा इन्स्क्रिप्ट कळफलक वापरतात. इंग्रजी ‘जे’च्या कळीवर साधा ‘र’ असतो आणि शिफ्टची कळ दाबून तीच कळ दाबली, की ‘ऱ’ येतो. मग ‘डी’च्या कळीने त्याचा पाय मोडायचा आणि तिरप्या रेघेच्या कळीने ‘य’ लिहायचा. सराईत बोटांना त्याला पळभरही लागत नाही. बोटे चालवणाऱ्याला आपण पाहुण्याच्या खोलीतून घरचे माणूस बोलावीत आहोत, हे ठाऊक असते असे नाही.

एखादा शब्द दोहोंपैकी कोणत्या रीतीने लिहिला आहे, हे ओळखण्याची सोपी युक्ती आहे. ती शाळेतील संगणकावरही करून पाहता येते. ‘दऱ्या’ हा शब्द समोर घ्यावा, त्याच्या शेवटी जाऊन खोडण्याची कळ एकेकदा दाबावी आणि दर वेळी पडद्याकडे पाहावे. बहुतेक यंत्रांवर ही कळ एका वेळी एकच चिन्ह खोडते. प्रथम काना जातो, मग ‘य’ जातो. त्यानंतर हलन्त जाऊन मागे ‘द’ आणि टिंबाचा ‘ऱ’ उरला, तर लेखन भारतीय मानकाच्या रीतीने झाले आहे. पण एकदा कळ दाबूनही टिंबाशिवायचा पाय मोडलेला ‘र्’ तसाच राहिला आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर हलन्त गेला, तर मधल्या वेळी जे खोडले गेले ते डोळ्यांना न दिसणारे आठ हजार दोनशे पाच क्रमांकाचे चिन्ह होते.